म्हसोबाची जुनी जागा

मोजणीच्या दिवशी मी पोटभर जेवून कधी घर सोडलं नाही. बायकोला सांगायचो, उन्हात पोट जड होतं. खरं कारण वेगळं होतं. पळायची वेळ आली तर भरल्या पोटी पळता येत नाही. तशी वेळ सगळ्या नोकरीत एक-दोनदाच आली, पण ती आज येईल हे भय मात्र दर मोजणीला माझ्याबरोबर एस.टी.त बसायचं, त्याचं तिकीट लागत नसे एवढंच.

मी भूकरमापक होतो. लोक मोजणीवाले साहेब म्हणत. काम सांगायला सोपं आहे. कागदावरचा नकाशा जमिनीवर उतरवून दाखवायचा. इथं तुमचं संपतं, इथून शेजाऱ्याचं सुरू होतं, हे एक वाक्य बोलायचं आणि त्या जागी खुंटी ठोकायची. पण या एका वाक्यापायी सख्खे भाऊ एकमेकांच्या दारात पाऊल टाकत नाहीत. आणि ते वाक्य बोलून बसलेला माणूस दिवस कलताना फाट्यावर जीपची वाट बघत एकटाच उभा असतो. वाक्य ज्याच्या विरुद्ध गेलं त्याचीही परतायची जीप तीच असते.

हिंगोली जिल्हा नवा झाला तेव्हा रस्त्याकडेच्या जमिनीला अचानक भाव आला. आत कितीही काळीभोर जमीन असो, तिला कोणी विचारत नव्हतं, पण रस्त्याला लागून असलेल्या मुरमाड तुकड्यावर गिऱ्हाइकांची झुंबड. कोणाला कापसाचं जिनिंग टाकायचं होतं, कोणाला धान्याचं गोडाऊन, कोणाला नुसतं हॉटेल. आणि व्यवहार कसा व्हायचा? मालक बांधावर उभा राहून हात लांब करायचा, त्या बाभळीपासून या विहिरीपर्यंत. घेणारा मान हलवायचा आणि त्या लांब केलेल्या हाताच्या भरवशावर खरेदीखत व्हायचं. बैल घेताना दात बघून घेणारी आमची माणसं, पण जमीन घेण्याआधी मोजणी मागायची म्हणजे मालकाच्या तोंडावर अविश्वास दाखवायचा, असं त्यांना वाटे. त्यामुळे आम्हाला बोलावणं यायचं ते वरातीमागून घोडं आणतात तसं.

हट्टा गावाकडे एका गृहस्थाने भर उन्हाळ्यात जिनिंगसाठी जागा घेतली, आणि पावसाळ्यात त्याच्या पायाच्या खड्ड्यांतून ओढा वाहायला लागला. ओढा नवा नव्हता, उन्हाळ्यात झोपला होता एवढंच. पुसेगावच्या एका दुकानदाराने मात्र घेण्याआधी मोजणी मागितली म्हणून मी खूश झालो, तर तो कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, ईशान्येचा कोपरा जरा ओढून घ्या, वास्तूला बरा पडतो." त्याला मी सांगितलं की कोपरा ओढला तर शेजारी काठी ओढील.

या हसण्यासारख्या गोष्टी. आमच्या कामातलं खरं भय असतं ते पहिल्या खुणेचं. मोजणी कुठून तरी सुरू करावी लागते, जुना दगड, जुनी विहीर, गावशिवेची खूण. ती पहिली खूण सरकलेली असली की पुढचं सगळं बिनचूक चुकतं. साखळी बरोबर, हिशेब बरोबर आणि तरी एका माणसाचं घर दुसऱ्याच्या शेतात. माझे पहिले वरिष्ठ निजामाच्या काळात साखळी ओढून वर आलेले होते. त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, शेंदूर लागलेल्या दगडाला हात जोडावेत, त्याच्यापासून साखळी लावू नये. कारण हद्दीच्या दगडाला कोणीतरी कधीतरी शेंदूर लावतं, मग तो देव होतो, आणि देवाला माणसं आपल्या सोयीने उचलून ठेवतात. दुसरी गोष्ट, जुन्या लोकांनी मोठ्या हद्दीच्या दगडाखाली कोळसे पुरून ठेवलेले असतात. दगड चोरीला जातो, पण कोळसा कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही आणि त्याचा कोणाला उपयोगही नाही, म्हणून तो जागेवर राहतो.

गोरेगावच्या अलीकडे रस्त्यावरच एक गाव आहे. नाव सांगत नाही. तिथला मिलिंद नावाचा तरुण औरंगाबादला कारखान्यात वेल्डिंगची कामं करून गावी परतला होता. बौद्ध वस्तीत त्याची आई आणि थोरला भाऊ राहत. त्याला रस्त्यावर स्वतःचं वर्कशॉप टाकायचं होतं, गेट, ट्रॉल्या, नांगराचे फाळ, असली कामं. बायको सुनंदा अंगणवाडीत होती. गावातले मोठे जमीनदार दत्तराव त्याला रस्त्यालगतचा तुकडा द्यायला तयार झाले. नवरा लगेच सही करायला निघाला होता, पण बायको अडून बसली की मोजल्याशिवाय सही करायची नाही. वर्षानुवर्षं परगावी राहून साठवलेलं सगळं त्या तुकड्यात जाणार होतं, आणि तो हातचा गेला तर पुन्हा उभं राहायला दुसरी जागा नव्हती. अर्ज द्यायला दोघं हिंगोलीला आली तेव्हा तिनेच बोलणं केलं. मला ती फार आवडली. असं गिऱ्हाईक वर्षातून एखादं मिळे.

जागा अशी होती. रस्त्याच्या कडेने दत्तरावांचं शेत, आणि त्याला लागून पूर्वेला कोंडिबा नावाच्या लहान शेतकऱ्याचं. दोघांच्या मधोमध एका कडुलिंबाखाली शेंदूर माखलेला म्हसोबा. म्हसोबाच्या अलीकडचं दत्तरावांचं, पलीकडचं कोंडिबाचं, असं सगळं गाव सांगे. विकायचा तुकडा म्हसोबाला लागूनच, अलीकडच्या बाजूचा.

मोजणीच्या दिवशी मी आणि माझा चेनमन गंगाराम सकाळीच पोचलो. चेनमन म्हणजे साखळी धरणारा माणूस. गंगाराम त्याच भागातला, भाविक, गळ्यात ताईत. शेजारच्या खातेदाराला नोटीस गेलेली असते, म्हणून कोंडिबा आला होता. मिलिंद आणि सुनंदा होती. दत्तराव आले आणि त्यांच्यामागे निम्मं गाव आलं. मोजणी म्हणजे फुकटचा तमाशा, त्यामुळे गर्दीचं मला नवल नव्हतं. पण त्या दिवशी कोणी बोलत नव्हतं. बोलणाऱ्या गर्दीला मी कधी घाबरलो नाही. गप्प गर्दीला घाबरायचो.

दत्तरावांनी चहा मागवला आणि अगदी आपुलकीने सांगितलं की म्हसोबापासून सुरुवात करा, दोन तासांत मोकळे व्हाल. मी म्हसोबाला हात जोडले आणि साखळी घेऊन उलट्या दिशेला, जुन्या विहिरीकडे निघालो. विहिरीपासून मोजत आलो. मग ओढ्याकाठच्या शिवेच्या दगडापासून मोजत आलो. तीन पायांच्या तिवईवर आमची नकाशाची फळी असते, तिच्यावर दोन्हीकडून रेघा ओढल्या. दोन्ही रेघा एकाच ठिकाणी मिळाल्या. ते ठिकाण म्हसोबापाशी नव्हतं. ते बरंच अलीकडे, विकायच्या तुकड्याच्या पश्चिमेच्या कडेला होतं. म्हणजे दत्तराव जो तुकडा विकत होते तो सगळाच्या सगळा कोंडिबाचा होता. मिलिंदने तिथे वर्कशॉप बांधलं असतं, तर कोंडिबाची मुलं कधीही मोजणी आणून ते पाडायला लावू शकत होती.

मी पेन्सिल ठेवून मान वर केली. लोक माझ्या फळीभोवती दाटीवाटीने उभे होते, बांधावर, रस्त्यावर, एकमेकांच्या खांद्यावरून डोकावत. पण समोर एका ठिकाणी बाजेएवढी जमीन मोकळी होती. तिथे कोणी पाय ठेवलेला नव्हता. रस्त्याकडेच्या बाभळीची सावली तिथे होती, तरी लोक उन्हात उभे होते. आणि माझ्या दोन्ही रेघा बरोबर त्या मोकळ्या जागेवर मिळत होत्या. एवढी माणसं न ठरवता एका जागेला चुकवतात, हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मी गंगारामला खुंटी घेऊन तिकडे जायला सांगितलं. तो हलला नाही. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "साहेब, तिथं नका. पयले तो तिथं होता."

मग त्याने कुजबुजत सांगितलं ते असं. दुष्काळात रस्ता रुंद करायचं काम निघालं तेव्हा कडेला खडीचे ढीग टाकायला म्हसोबा आड येत होता. गावानेच त्याला विधिवत उचलून लिंबाच्या सावलीत नेऊन बसवलं. सावली कोंडिबाच्या शेतात होती, आणि कोंडिबाचा बाप देवाला जागा नाही म्हणणारा नव्हता. पुढे कोंडिबाच्या बापाचा नांगर लिंबाच्या पलीकडूनच चालू लागला. आणि त्या भागाची रीत अशी की देव हलवला की जुन्या जागेचं नाव काढायचं नाही. नाव काढलं की देव मागे फिरतो आणि वाटेत जे जनावर, जे लेकरू सापडेल त्याला घेऊन जातो. म्हणून गर्दीतल्या प्रत्येक जाणत्या माणसाला जुनी जागा ठाऊक होती आणि एकाच्याही तोंडून ती निघणार नव्हती. दत्तरावांना हे ठाऊक नव्हतं असं मला म्हणवत नाही. त्यांना गावाच्या भयाचा कुंपणासारखा उपयोग झाला.

मी दत्तरावांना बाजूला घेऊन सांगितलं की खूण जुळत नाही. त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नाही. ते म्हणाले, "साहेब, सगळं गाव एक सांगून राहिलं अन् तुमची साखळी दुसरं सांगून राहिली. गावाचं लिहा. काहून तकलीफ करून घेता? तुमाला बी परत जायाचं हाय." मला शिव्या देणारे, साखळी ओढून घेणारे पुष्कळ भेटले, त्यांचं काही वाटलं नाही. या माणसाच्या गोड बोलण्याला मात्र मी घाबरलो.

मग मी कोंडिबाला विचारलं. जमीन त्याची निघत होती, त्याने नुसतं होय म्हटलं असतं तरी मला आधार झाला असता. तो खाली बघत म्हणाला, "माझं लिंबाच्या पल्याड. बराबर हाय ते." पन्नाशीचा, काटक माणूस होता. फुकट मिळणारी जमीन नको म्हणणारा खातेदार मी पहिल्यांदाच पाहिला.

आता एकच उपाय होता. कोळसा. रेघा जुळतात तिथे खोदायचं आणि कोळसे निघाले की वाद मिटला. पंचनाम्यावर सही करायची हिंमत कोणात नसली तरी कोळसा कोणाच्या सहीची वाट बघत नाही. मी मोठ्याने सांगितलं की इथे खोदून बघावं लागेल. गर्दी एक पाऊल मागे सरकली. गंगारामने सामानातून कुदळ काढली, त्या मोकळ्या जागेच्या काठावर ठेवली आणि हात धुतल्यासारखे झटकून माझ्यामागे येऊन उभा राहिला. माझ्या हातात फळीवरची पट्टी होती. ती ठेवून मी स्वतः कुदळ उचलावी, हे मला सुचलं नाही असं नाही. माझी आईसुद्धा म्हसोबाचा नैवेद्य चुकवत नसे. पट्टी माझ्या हातातच राहिली, आणि तिची कड बोटांत रुतली होती ते अजून आठवतं.

दत्तराव तेव्हा पुढे आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "खोदा की. आमची ना न्हाई. पर ज्यानं मोजणी बोलावली त्याच्या हातानं खोदा."

या वाक्याचा अर्थ कळायला बाहेरच्याला वेळ लागेल, तिथे कोणालाच लागला नाही. मिलिंदने त्या जागेत कुदळ घातली असती तर देव खोदला तो बौद्ध वस्तीतल्या माणसाने. पुढे गावात एखादी गाय मेली, एखादं लेकरू तापाने फणफणलं, की बोट वस्तीकडे वळणार. पाणी, दुकान, मजुरी, सगळं गावाच्या हातात. मिलिंदची आई आणि भाऊ तिथेच राहणार होते. वर्कशॉप नाही मिळालं तर पोट अडतं, इथे घरंच धोक्यात येत होती. मिलिंदचा चेहरा उतरला. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेब, राहू द्या. न्हाई घ्यायचा आमाला तुकडा. गुंडाळा तुमचं." मला खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं.

पण सुनंदा पुढे झाली होती. मिलिंदने तिचा दंड धरला. ती दत्तरावांकडे नव्हे, सगळ्या गर्दीकडे बघत म्हणाली, "देवाचं भ्या आमाला न्हाई. तो आमचा न्हाईच. भ्या हाय ते तुमचं हाय." दंड सोडवून घेऊन ती त्या मोकळ्या जागेच्या काठाशी आली आणि कुदळीसाठी वाकली. मी डोळे मिटून घेतले असावेत, कारण पुढचं मला आधी ऐकू आलं आणि मग दिसलं. कुदळीचा घाव मातीत बसला होता आणि कुदळ कोंडिबाच्या हातात होती.

त्याने तिला खांद्याने बाजूला लोटलं होतं. पायातल्या चपला काढून ठेवल्या होत्या. तो खोदत होता आणि तोंडाने सारखं काहीतरी पुटपुटत होता, देवाची क्षमा मागत होता की स्वतःला धीर देत होता, कळत नव्हतं. घामाने सदरा पाठीला चिकटला. गर्दीतून कोणीतरी त्याच्या बायकोचं नाव घेऊन त्याला हाक मारली, लेकरांची आठवण दिली, तरी तो थांबला नाही. गुडघ्याइतकं खोल गेल्यावर माती काळी लागली. मी खाली बसून हाताने उकरलं. कोळसे होते, खापराच्या तुकड्यांच्या खाली नीट रचून ठेवलेले. मी ते तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवले. कोणी जवळ येऊन बघितलं नाही. दत्तरावांनी धोतराचा सोगा झटकला, मला नमस्कार केला आणि गावाकडे चालू लागले. त्यांच्यामागे गर्दी निघाली, तशीच गप्प.

आम्ही खुंट्या ठोकून रस्त्याला लागलो तेव्हा कोणी आम्हाला जीपमध्ये घेईना. बरंच अंतर आम्ही पायी चाललो. मागून मोटारसायकल आली की गंगाराम बांधाच्या बाजूला सरायचा आणि मी त्याच्या बाजूला. काही झालं नाही. घरी पोचून अंघोळ केली तरी बोटांचा काळा रंग पुरता गेला नाही, आणि मी त्या हाताने जेवलो नाही, बायकोला वाढून ठेव म्हणालो आणि तसाच झोपलो.

पावसाळा सरल्यावर कोंडिबा हिंगोलीच्या कचेरीत हद्दीच्या नकाशाची प्रत न्यायला आला. मी त्याला खुर्ची दिली, तो बाकावरच बसला. गावात कसं काय चाललंय हे विचारायची मला भीती वाटत होती, म्हणून पाऊसपाण्याचं विचारलं. त्याने आपणहून सांगितलं की तो तुकडा तो मिलिंदला देतो आहे, खरेदीचं ठरलं आहे, पोरगं कामाचं आहे. दत्तराव बोलत नाहीत, पण ते आधीही कुठे बोलत होते. मग म्हणाला, "म्हैस गेली साहेब. दुधाची होती. लोक म्हणतेत, म्हसोबानं नेली."

मी म्हटलं, लोक काहीही म्हणतात, जनावरं काय, आजारानेही जातात. तुम्हाला स्वतःला काय वाटतं?

"मला बी तसंच वाटते. त्यानंच नेली."

मला वाटलं होतं, हा माणूस त्या दिवशी भयातून बाहेर पडला. तो बाहेर पडलाच नव्हता. सगळं भय जसंच्या तसं मनात ठेवून त्याने कुदळ घातली होती. मी विचारलं, मग का खोदलंत? ती मंडळी तर परत निघाली होती. जागा नको असं तुम्हीच आधी सांगितलं होतंत.

कोंडिबाने नकाशाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि उठता उठता म्हणाला, "ती पोरगी कुदळ उचलून राहिली होती न्हाई का. तिनं खोदलं असतं, अन् मंग गावात कोणाची म्हैस मेली असती, तर त्यायची घरं राहिली असती का? माझी तर नुसती म्हैसच गेली, साहेब."